सासूबाईंचं कॅल्शियम वाढलंय, मग व्हिटॅमिन डी द्यायचं की नाही?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

"माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. गेल्या पावसाळ्यात मागच्या दारी शेवाळावरून पाय घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. त्याआधी दोनदा मूतखडा झाला होता, एकदा तर दुर्बिणीतून काढावा लागला. अंग सतत ठणकतं, पोट साफ होत नाही, रात्री लघवीला तीन-तीनदा उठतात. आम्ही सगळं वयावर ढकलत होतो. प्लास्टर काढलं तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. कॅल्शियम ११.२, पॅराथायरॉइड हार्मोन १९४ आणि व्हिटॅमिन डी फक्त ८ आलं. त्यांनी डीची ६०,००० युनिटची पाकिटं आठवड्याला एक अशी लिहून दिली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ती थांबवली. कॅल्शियम आधीच जास्त आहे, डी दिलं तर आणखी चढेल, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून मामंजींनी त्यांचं दूध-दहीसुद्धा बंद केलंय. शेजारच्या काकू म्हणतात, हाडांसाठी रोज गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना द्या. पुण्याच्या डॉक्टरांनी मानेचं ऑपरेशन सुचवलंय, पण 'मी गळ्याला सुरी लावून घेणार नाही' म्हणून सासूबाई विषयच काढू देत नाहीत. पाकिटं कपाटात पडून आहेत. देऊ की नको?"

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. डी द्यायचं, पण बेतानं, मधे मधे रक्त तपासत आणि एका हार्मोनतज्ज्ञाच्या, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या नजरेखाली. दूध-दही उद्या सकाळपासून पुन्हा सुरू करा. चुना देत असाल तर आजच थांबवा. आणि ऑपरेशनचा विषय मिटला असं धरून चालू नका, कारण डी कितीही नीट दिलं तरी सासूबाईंच्या आजाराचं मूळ त्यानं जाणार नाही.

तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी चुकीचे नव्हते. एकानं फक्त डीचा आकडा पाहिला, दुसऱ्यानं फक्त कॅल्शियमचा. हे दोन आकडे तिसऱ्याशी, त्या १९४ शी, जोडून वाचावे लागतात. तुमच्या लॅबच्या कागदावर शेजारी साधारण १५ ते ६५ अशी मर्यादा छापलेली असेल, ती बघा.

आपल्या गळ्यात थायरॉइडच्या पाठीमागे चार छोट्या ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठ्या नाहीत. त्यांनाच पॅराथायरॉइड म्हणतात. नाव थायरॉइडसारखं असलं तरी काम अगदी वेगळं. रक्तातलं कॅल्शियम ठरलेल्या पातळीवर ठेवायचं, एवढ्यासाठीच त्या आहेत. तुमच्याकडे कालव्याचं पाणी पाळीनं मिळत असेल तर पाटकरी काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पाटात पाणी कमी झालं की दार उचलायचं, पुरेसं झालं की खाली सोडायचं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं, ते आपलं धरण. रक्तात थोडं कमी पडलं की या ग्रंथी हार्मोन सोडतात. मग हाडातून कॅल्शियम सुटतं, मूत्रपिंड लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतं आणि डीचं तयार रूप बनवून आतड्यातून जास्त शोषून घेतलं जातं. पातळी जुळली की ग्रंथी गप्प बसतात.

सासूबाईंच्या चारपैकी एक पाटकरी पातळी बघायचंच विसरलाय. या आजाराला प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. बहुतेक रुग्णांत, शंभरातल्या साधारण ८० ते ८५ जणांत, एकाच ग्रंथीची साधी, कर्करोग नसलेली गाठ झालेली असते. पाट दुथडी भरून वाहतोय आणि दार उघडंच आहे. धरण उपसलं जातंय म्हणून मनगट साध्या घसरण्यानं मोडलं. रक्तातलं जास्तीचं कॅल्शियम शेवटी लघवीतून बाहेर पडतंच, तिथे खडे झाले. रात्रीचं उठणं, बद्धकोष्ठ, अंगाचं ठणकणं यांचा धागाही बराचसा इथेच येऊन मिळतो. तुम्ही वयावर ढकललंत म्हणून स्वतःला दोष देऊ नका. पाळी गेल्यानंतरच्या बायकांतच हा आजार सर्वात जास्त दिसतो आणि त्या वयात दुखणं बोलून दाखवायची आपल्याकडे बायकांना सवयच नसते. परदेशात नेहमीच्या रक्ततपासणीत कॅल्शियम वाढलेलं दिसतं आणि आजार त्रास सुरू व्हायच्या आधीच सापडतो. आपल्याकडे मात्र तो अजूनही मोडलेल्या हाडावरून किंवा खड्यावरून सापडतो. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं भारतातल्या अशा रुग्णांची नोंदवही ठेवली जाते, तिच्यातही हेच चित्र दिसतं.

आता डीकडे येऊ. हे एवढं कमी का, असं तुम्हाला वाटलं असेल. आपल्या देशात डी कमी असणं घरोघरचं आहे, पण या आजारात त्यात आणखी भर पडते. जास्तीचं हार्मोन साठ्यातलं डी भराभर वापरून टाकतं. आणि डी कमी पडलं की उरलीसुरली शिस्तही सुटते. ग्रंथी आणखी चेकाळतात, हार्मोन आणखी चढतं, हाडं आणखी झिजतात. म्हणून "कॅल्शियम जास्त आहे, डी नको" हा सल्ला ऐकायला सावधपणाचा वाटतो, पण महिनोन् महिने तसं ठेवणं म्हणजे आगीत तेल ओतणं आहे. दुसरी गोष्ट, डी फार कमी असलं की कॅल्शियमचा खरा आकडा झाकला जातो. काही जणांत तर तो चक्क नॉर्मल येतो आणि निदान वर्षानुवर्षं लांबतं.

डी भरायला लागल्यावर सासूबाईंचं कॅल्शियम थोडं वर सरकू शकतं. बहुतेकांत ते फारसं हलत नाही, पण हलू शकतं, म्हणून मधे मधे तपासायचं.

इथे एक फरक स्पष्ट करते, कारण हे वाचून बऱ्याच जणी आपापले रिपोर्ट काढून बसतील. पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेलं, डी कमी आणि कॅल्शियम नॉर्मल किंवा कमी, असा कागद असेल तर बहुधा डीच्या कमतरतेनंच हार्मोन वाढलेलं असतं. डी भरून निघालं की ते काही महिन्यांत उतरतं. तिथे गाठ शोधत गळ्याचे स्कॅन करत बसू नये. मूत्रपिंड अधू असलं तरी हार्मोन वाढतं, म्हणून क्रिएटिनिन पाहायचं. पण १०.५ च्या वरचं कॅल्शियम नुसत्या डीच्या कमतरतेनं होत नाही. सासूबाईंचं ११.२ आहे, म्हणून मी गाठीचं बोलतेय.

तरीही एका रिपोर्टवर थांबू नका. कॅल्शियम अल्ब्युमिनसह, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनासह, पुन्हा करा, कारण अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा खोटा कमी दिसतो. सोबत फॉस्फरस करा, या आजारात ते बहुधा खालच्या बाजूला असतं. डीची तपासणी '२५-हायड्रॉक्सी' नावाचीच हवी. '१,२५' नावाची दुसरी एक महागडी तपासणी असते. ती या आजारात नॉर्मल किंवा जास्त येऊ शकते आणि डी भरपूर आहे असा गैरसमज होतो. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर तिचं नाव डॉक्टरांना दाखवा, कारण थायाझाइड जातीच्या गोळ्या कॅल्शियम वाढवतात. मनाच्या आजारासाठीचं लिथियमही तेच करतं. केसांसाठी बायोटिन घेत असतील तर तेही सांगा, काही लॅबच्या पद्धतीत त्यानं हार्मोनचा आकडा खोटा कमी येतो.

चोवीस तासांची लघवीही तपासायला सांगतील. तिचा लोक फार गोंधळ घालतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी कॅनमध्ये घ्यायची नाही, सोडून द्यायची आणि घड्याळ पाहून वेळ लिहायची. त्यानंतरची दिवसभराची, रात्रीची प्रत्येक लघवी कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची पहिली लघवी घेऊन कॅन बंद. रात्री एकदा जरी अंधारात विसरलं तरी हिशोब चुकतो. यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे खड्यांचा धोका किती. दुसरं म्हणजे हा घराण्यात चालत आलेला, लघवीत कॅल्शियम फारच कमी सोडणारा निरुपद्रवी प्रकार तर नाही ना. त्यात गळ्याचं ऑपरेशन करून काही उपयोग होत नाही. सासूबाईंना खडे झालेत, म्हणजे तो प्रकार असण्याची शक्यता कमीच, पण ऑपरेशनआधी खात्री केलेली बरी. डी फार कमी असताना लघवीतलं कॅल्शियमही कमी येतं, म्हणून हा आकडा डी थोडं सुधारल्यावरचाच जास्त भरवशाचा.

आता ती कपाटातली पाकिटं. ६०,००० युनिटचं एक पाकीट आठवड्याला म्हणजे दिवसाला साधारण ८,५०० युनिट होतात. साध्या कमतरतेत हे सर्रास देतात. वाढलेल्या कॅल्शियमच्या रुग्णाला मात्र बरेच तज्ज्ञ रोज १,००० ते २,००० युनिटनं सुरुवात करणं पसंत करतात, मीही त्याच मताची आहे. काही जण आठवड्याच्या पाकिटानंही डी भरतात, पण मग कॅल्शियमवर बारीक लक्ष ठेवून. तुमच्या डॉक्टरांनी यातलं जे ठरवलं असेल ते त्यांच्याशी बोलून घ्या. सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत कॅल्शियम आणि क्रिएटिनिन, मग साधारण तीन महिन्यांनी डी आणि हार्मोन. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या रुग्णांचं डी ३० च्या वर ठेवा असं म्हटलं आहे. ते महिन्याभरात गाठायची घाई नाही.

६ लाख युनिटचं एकदम इंजेक्शन कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा.

पाकिटाच्या बाबतीत एक चूक मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. आठवड्याचं पाकीट रोज घेतलं जातं. कुणी मुद्दाम करत नाही. रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ती पाकिटं पडतात आणि दुधात घालून द्यायची सवय लागते. मग उलट्या, गुंगी आणि दवाखान्यात भरती. पाकिटंच द्यायची ठरली तर ती गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरला स्टेपल करा, एका रविवारला एक. फाडलं की संपलं.

आणि घरात जी कॅल्शियमची स्ट्रिप असेल ती उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे कॅल्शियमच्या किती तरी गोळ्यांत 'कॅल्सिट्रायॉल' मिसळलेलं असतं. हे डीचं तयार, जोरकस रूप. सासूबाईंचं शरीर तेच आधीपासून जास्त बनवतंय. साठा भरायला लागतं ते साधं 'कोलेकॅल्सिफेरॉल'. कॅल्सिट्रायॉल किंवा त्याच्यासारखंच 'अल्फाकॅल्सिडॉल' असलेली गोळी तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका.

दुधाबद्दल मामंजींना तुम्ही सांगा, किंवा हे वाचून दाखवा. त्यांनी काळजीपोटीच बंद केलं असणार. पण रक्तातलं हे कॅल्शियम दुधातून आलेलं नाही, ते सासूबाईंच्याच हाडातून आलंय. ताटातलं कॅल्शियम तोडलं की ग्रंथींना आणखी कारण मिळतं आणि भरपाई पुन्हा हाडातूनच होते. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला दिवसाला साधारण १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम जेवणातून लागतं, आजार असला तरी तेवढंच. दोन कप दूध किंवा दही, एखादी नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, पालेभाजी, एवढ्यात बरंचसं भागतं. वरून गोळ्या नकोत. चुना, शंखभस्म, प्रवाळ, मोती, ही सगळी शेवटी कॅल्शियमचीच रूपं आहेत आणि त्यांचं माप कुणी ठेवत नाही. काकूंना दुखवू नका, पण डबी परत करा.

पाणी मात्र भरपूर. अंगातलं पाणी आटलं की कॅल्शियम झपाट्यानं चढतं. जुलाब-उलट्या झाल्या, किंवा उन्हाळ्यात लांबचा प्रवास असला, तर विशेष जपा. निर्जळी उपास करत असतील तर देवाला सांगून पाण्याची सूट घ्या, देव एवढी देतोच. फार तहान, उलट्या, सारखी गुंगी किंवा बोलण्यात असंबद्धपणा दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठा. ऊन घ्यायचं असेल तर कोवळ्या उन्हातून डी फारसं मिळत नाही, ते साधारण अकरा ते तीनच्या उन्हातून मिळतं आणि काचेतून अजिबात नाही. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावं. पण डी ८ असताना नुसत्या उन्हावर विसंबू नका.

राहिलं ऑपरेशन. इथे मला थोडा आग्रह धरायचा आहे. कोणाला ऑपरेशन सुचवायचं याचे निकष ठरलेले आहेत. मूतखडे हा त्यातला एक, हाडं फार ठिसूळ होणं हा दुसरा. सासूबाई पहिल्यात आधीच बसतात आणि उभ्या उंचीवरून पडून मोडलेलं मनगट दुसऱ्याकडेही बोट दाखवतं. हाडं भरण्याची औषधं आहेत, त्यांनी मणक्याची घनता सुधारते. कॅल्शियम उतरवणारी सिनाकॅल्सेट नावाची गोळीही आहे, तिनं हाडं भरत नाहीत. यातलं कुठलंही औषध ते उघडं दार बंद करत नाही. गाठ काढली की मात्र हाडं पुढची काही वर्षं स्वतःहून भरत जातात.

ही गोष्ट कळायला माणसाला वेळ लागला. १९२५ मध्ये व्हिएन्नातल्या फेलिक्स मांडल या सर्जनकडे एक ट्राम कंडक्टर होता. हाडं इतकी ठिसूळ झाली होती की चालणं मुश्किल. तेव्हाचा समज असा की या ग्रंथी कमी पडतात म्हणून हाडं जातात. म्हणून मांडलनं आधी ग्रंथींचा अर्क दिला, मग दुसऱ्या माणसाच्या ग्रंथी त्याच्यात बसवूनही पाहिल्या. काही फरक नाही. शेवटी गळा उघडला, एक गाठ सापडली, ती काढली. लघवीतून वाहून जाणारं कॅल्शियम घटलं आणि तो माणूस पुन्हा हिंडूफिरू लागला. काही वर्षांनी त्याचा आजार उलटला, हेही खरं. पण गाठ काढल्यानं हाड सावरतं, हे त्याच्यावरून कळलं.

आज हे ऑपरेशन पुष्कळ सोपं झालंय. आधी मानेची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन करून गाठ कुठे आहे ते बघतात. मग गळ्याच्या पुढच्या बाजूला, मंगळसूत्राची वाटी असते त्याच्या जरा वर, घडीच्या रेषेत छोटा छेद देतात. हे हार्मोन रक्तात काही मिनिटंच टिकतं, त्यामुळे काही ठिकाणी गाठ काढून दहा मिनिटांनी रक्त तपासतात. आकडा निम्म्याहून खाली आला की काम झालं. बहुतेक जणी एक-दोन दिवसांत घरी येतात. अनुभवी हातात शंभरातल्या पंचाण्णवाहून जास्त रुग्ण बरे होतात. आवाजाच्या नसेला इजा होण्याचा धोका असतो, पण अशा हातात तो थोडा. म्हणून सर्जनला सरळ विचारा, वर्षाला पॅराथायरॉइडची किती ऑपरेशनं करता? या प्रश्नानं चांगला सर्जन रागावत नाही.

ऑपरेशनआधी डी भरायचं आणखी एक कारण आहे. गाठ गेली की इतकी वर्षं उपाशी राहिलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखी ओढून घेतात. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात. डी अगदी कमी असलेल्यांना हा त्रास जास्त होऊ शकतो. तेव्हा मात्र कॅल्शियमच्या गोळ्या, अगदी कॅल्सिट्रायॉलसुद्धा, डॉक्टर स्वतःच देतील. आधी नको म्हटलेलं आता का देतायत, म्हणून गोंधळू नका.

सासूबाईंशी वाद घालू नका, ताई. गळ्याला सुरी म्हटल्यावर कोणाच्याही पोटात गोळा येईल. बऱ्याचदा भीतीच्या मागे दुसरंच काही असतं. घरचं कोण बघेल, खर्च किती येईल, मुलाला रजा मिळेल का. ते आधी विचारा. मग एकदाच सर्जनकडे घेऊन चला, "नुसतं ऐकायला" म्हणून, हो म्हणायची अट न घालता. शक्य असेल तर मामंजीही सोबत हवेत. आणि हे ऑपरेशन झालेली एखादी बाई भेटली तर तिच्या गळ्याची पुसटशी रेघ बघून जे काम होईल, ते माझ्या दोन पानांनी होणार नाही.

तोवर मागच्या दारचं शेवाळ ब्लीचिंग पावडरनं घासून काढा. रात्री तीनदा उठतात, तर मोरीपर्यंतचा एक दिवा जळता ठेवा. वरच्या फळीवरचा जो डबा पूर्वी त्यांच्या हाताला यायचा तो आता येत नसेल, तर उंची कमी झालीय म्हणून डॉक्टरांना सांगा. मणका न दुखताही दबलेला असू शकतो, एक्स-रेत कळतं.

आणि हाडांची घनता मोजायला डेक्साला नेलंत की बहुतेक ठिकाणी कंबर आणि खुबा एवढंच करतात. हा आजार बाहेरचं टणक हाड आधी खातो, ते हाताच्या पुढच्या भागात सर्वात चांगलं दिसतं. तेव्हा हातही मोजायला सांगा, डावा. मोडलेल्या उजव्या हाताचा आकडा धरता येत नाही.